हिंवाळ्यांत घर कोणीं राखावें?

तुळशीचें लग्न आटोपलें कीं वऱ्हाडांतील माणसाच्या जिवांत जीव येतो. उन्हाळ्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. पावसाळा पेरणी, निंदण आणि आभाळाकडे डोळे लावण्यांत जातो. हौसेनें घराबाहेर पडावें, चार लोकांत बसावें, कांहीं पाहावें, कांहीं ऐकावें, असे महिने आमच्या वांट्याला चारच : कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ. पुण्यामुंबईकडील मंडळींस नाटकें व गाणीं बारमाही आहेत. आम्हां वऱ्हाडकरांचा करमणुकीचाहि एक हंगाम असतो. आणि हंगाम म्हटला म्हणजे तो साधावाच लागतो.

म्हणून या चार महिन्यांत अमरावती-अकोल्याच्या आसपास पाहण्या-ऐकण्याजोगें काय काय असतें, त्याचें एक घरगुती टांचण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. मात्र नुसत्या यादीनें आमचें काम भागणार नाहीं. तिच्या शेवटीं एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक घरानें आपल्यापुरता सोडवावयाचा आहे.

हिंवाळ्यांत माणसें जमवण्याची ही हौस आमच्याकडे जुनी आहे. डिसेंबर १८९७ मध्यें, नाताळच्या सुटींत, राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. त्या वेळीं स्वागताचा भार दादासाहेब खापर्डे यांनीं उचलला होता. आणि हेच दादासाहेब पुढें १९०५ सालीं पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांनीं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' व 'रणदुंदुभि' हीं नाटकें लिहून रंगभूमि गाजविली. अकोल्यास साहित्यसंमेलन १९१२ सालीं हरिभाऊ आपटे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. पुन्हा १९८१ सालीं भरलें, तेव्हां अध्यक्ष होते गो. नी. दांडेकर, म्हणजे परतवाड्यास जन्मलेले आमचे वऱ्हाडपुत्रच. मराठी गझलेला घराघरांत नेणारे सुरेश भट हेहि १९३२ सालीं अमरावतीस जन्मले. आज शहरांतून गझलेच्या मैफली होतात, त्यांस ऐकणारे कान कोठून आले, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां टांचणाकडे वळूं. हंगामाची नांदी दिवाळीच्याहि आधीं, कोजागिरीच्या मागोमाग, गुरुकुंज मोझरीस होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवांत गांवोगांवचीं भजनी मंडळें खंजिरी घेऊन येतात. आणि मौन श्रद्धांजलीच्या दिवशीं सायंकाळीं ४ वाजून ५८ मिनिटांनीं तो अफाट समुदाय एकदम स्तब्ध होतो. शांतता म्हणजे काय, हें मुलांना घरांत दहा वेळां दटावून कळत नाहीं, तें तेथें एका क्षणांत कळतें.

दिवाळी सरली कीं मेळघाटांतील आठवडी बाजारांना घुंगरूबाजाराचें रूप येतें. वर्षभर गुरें राखणारे थाट्या लोक त्या दिवसांत सजून बाजारांत उतरतात व वाद्यांच्या तालावर नाचतात. हा नाच पाहुण्यांकरितां केलेला खेळ नसून त्यांचा स्वतःचा सण आहे. तेव्हां पाहावयास जाणारांनीं लग्नघरीं जावें तसें अदबीनें जावें, आणि विचारल्यावांचून कोणाच्या तोंडासमोर मोबाइल धरूं नये.

याच सुमारास राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते. ही स्पर्धा आजवर साठाहून अधिक वेळां झाली असून अमरावती हें तिचें एक केंद्र आहे. दिवसभर शाळेंत शिकविणारे, बँकेंत बसणारे, दुकान चालविणारे लोक रात्रीं तालमी करून येथें नाटक उभें करतात. तिकिटाचा दर चहा-फराळाच्या खर्चाहून अधिक नसतो. अमरावतीचें संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आणि अकोल्याचें प्रमिलाताई ओक सभागृह हीं नांवें घरांतील प्रत्येकाच्या तोंडीं असावयास हवींत. एका शहरांतील मंडळींनीं दुसऱ्या शहरीं खेळ पाहून रात्रीं परत येणेंहि आतां फारसें अवघड नाहीं. याच अमरावती-अकोला रस्त्याची ७५ किलोमीटरची एक मार्गिका जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाली व तिची नोंद जागतिक विक्रमांत झाली. एवढा रस्ता झाल्यावर निदान एक नाटक तरी त्याच्या नांवें पाहावें!

इंग्रजी डिसेंबरची २० तारीख तर आमच्याकडे दुहेरी महत्त्वाची. १९५६ सालीं याच दिवशीं गाडगे महाराजांनीं अमरावतीजवळ वलगांवच्या वाटेवर देह ठेविला. शहरांत गाडगेनगरास त्यांची समाधी आहे व तेथें त्या सुमारास मोठी यात्रा भरते. महाराजांचें कीर्तन म्हणजे अस्सल वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणें. कुमारवयांत घर सोडलेले गो. नी. दांडेकर कांहीं काळ त्यांच्यासमवेत हिंडले होते. घरांतील शिकत्या मुलांनीं या यात्रेंत कीर्तन ऐकावें. पुस्तकांतील भाषा आणि लोकांच्या तोंडची भाषा यांतील अंतर त्यांना तेथें समजेल.

त्याच २० तारखेस परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा सुरू होते, ती महिन्याहून अधिक काळ चालते. एके काळीं तेथें तमाशाचे फड गाजत. आतां पाळणे, खेळणीं, भांडीं आणि खाद्यपदार्थ यांचीच गर्दी असते. ही यात्रा मांसाच्या हंड्यांसाठीं प्रसिद्ध असल्यामुळें आमच्यासारखीं पुष्कळ घरें तिकडे फिरकत नाहींत. हा आपलाच तोटा आहे. गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे, तूप, वरण आणि वांग्याची भाजी, एवढी शिदोरी झाडाखालीं रांधून खाण्यास कोणाची हरकत आहे? सातपुड्याच्या पायथ्याची ती थंडी अंगावर घेत, मोठ्यांनीं गोवऱ्या पेटवाव्या व मुलांनीं राखेंतून रोडगे वेंचावे, हीच अर्धी करमणूक.

लगेच २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती येते. १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें जन्मलेल्या या पुरुषानें केंद्रांत कृषिमंत्री असतांना १९५९ च्या डिसेंबरांत दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविलें होतें. त्यांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यास आहे, आणि जयंतीच्या सुमारास तेथें मोठें कृषिप्रदर्शन भरतें. शेती सुटून दोन पिढ्या झालेल्या घरांनीं तर तें अवश्य पाहावें. वरणाची तूर आणि अंगावरचा कापूस शेतांत कसा दिसतो, हें आमच्या मुलांपैकीं कितीजण सांगूं शकतील?

पौषांत धार्मिक वृत्तीच्या मंडळींनीं कारंजा लाड गांठावें. पूर्वीं अकोला जिल्ह्यांत असलेलें व आतां वाशीमकडे गेलेलें हें गांव श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. पौष शुद्ध द्वितीयेस तेथें जन्मोत्सव होतो. तरुणांस मात्र तळेगांव दशासरचा शंकरपट खुणावतो. हलक्या गाडीस खोंडांची जोडी जुंपलेली, धुरकरी एकटा, आणि निकाल सेकंदांवर! सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा शर्यती बंद केल्या होत्या; पुढें नियमांच्या अटीवर त्यांस मोकळीक मिळाली व १८ मे २०२३ रोजीं न्यायालयानें तो कायदा उचलून धरिला. जनावरांस मारहाण होऊं नये हा त्या नियमांचा गाभा आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, यावर प्रेक्षकांनींहि नजर ठेविली पाहिजे. तळेगांवच्या पटांत स्त्रियाहि जोडी हांकतात, हें आमच्या मुलींना मुद्दाम दाखवावें.

हुरड्याचे दिवसहि याच हंगामांतले. कापूस, सोयाबीन व तूर यांनीं शेतें व्यापल्यापासून ज्वारीचा पेरा घटला आहे. तेव्हां कोणी स्नेह्यानें आगटीवर बोलाविलें तर तें आमंत्रण मोडूं नये. मग माघ वद्य सप्तमीस शेगांवीं श्रीगजानन महाराजांचा प्रकटदिन. १८७८ सालीं २३ फेब्रुवारीस महाराज प्रथम दिसले, त्या तिथीस पायीं दिंड्या टाळमृदंगाच्या गजरांत शेगांवांत शिरतात. दोनच दिवसांनीं दासनवमीचें कीर्तन. आणि ऊन तापूं लागल्याबरोबर हंगाम संपला.

असें हें टांचण. आतां प्रश्न. हें सर्व पाहावयास घरांतून जातें कोण?

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या एक काकू होत्या. नाटकाचा बेत ठरला, यात्रेची गाडी ठरली, कीं त्या म्हणावयाच्या, "तुम्ही जा. घर राखायला कोणीतरी हवंच ना!" वर्षामागून वर्षें हें वाक्य आम्हीं ऐकिलें, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांस सोयीचें होतें. आम्ही परत येऊं तेव्हां घरांत दिवा असे, चुलीवर पिठलें असे, आणि काकू विचारीत, "कसं झालं?" आम्ही दोन वाक्यांत सांगून जेवावयास बसत असूं.

एका वर्षीं सुनांनीं बंड केलें. नाट्यस्पर्धेच्या तिकिटावर काकूंना पाठवून पुरुषांनीं घर राखावें, असा ठराव झाला. त्या रात्रीं पिठलें आम्हीं केलें. त्याविषयीं न लिहिलेलें बरें. काकू साडेदहाला परत आल्या त्या तरातरा बोलतच. "काम चांगलं करते ती पोर," त्या म्हणाल्या, "पण फुंकणी धरायला तिला कोणी शिकवलं नाही. चूल अशी पेटते होय?" मग त्यांनीं ओसरीवर बसून सगळें नाटक आम्हांला पहिल्या अंकापासून करून दाखविलें. सर्वांच्या आवाजांसकट! बारा वाजले तरी कोणी उठेना. इतकीं वर्षें हें माणूस आमच्या स्वयंपाकघरांत होतें, आणि आम्हांस ठाऊक नव्हतें. पुढचा हिंवाळा आला तेव्हां गुडघ्यांनीं त्यांना उंबरठ्याबाहेर जाऊं दिलें नाहीं. त्यांनीं सभागृहांत पाहिलेलें नाटक तें एकच.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट काकूंनीं सांगितली, ती आम्ही विसरलों नाहीं. "एवढ्या मोठ्या जागेत आम्ही बावीस माणसं होतो," त्या म्हणाल्या. "मी मोजली. त्या पोरांना वरून दिसत असेल ना?" पूर्वीं कलेस खापर्ड्यांसारखे आश्रयदाते असत. आज आश्रयदाता म्हणून जो कोणी उरला आहे तो तिकीट काढून खुर्चीवर बसणारा गृहस्थ आणि त्याची गृहिणी. घरोघरीं पडदे झाले, जगांतील उत्तमोत्तम खेळ उशाशीं येऊं लागले, हें चांगलेंच झालें. पण त्या पडद्यावरच्या नटाला आपण नसल्याचें कळत नाहीं. रंगमंचावरच्या मास्तराला व बँकेंतल्या कारकुनाला तें कळतें. आणि दोनचार वर्षें असेंच कळत राहिलें म्हणजे तो तालमीला जाणें सोडतो.

तेव्हां आमची विनंति एवढीच. तुळशीच्या लग्नानंतर एका रात्रीं सर्व कुटुंबानें एकत्र बसून दिनदर्शिकेवर खुणा कराव्या. आणि प्रत्येक खुणेपुढें जाणारांच्या नांवांबरोबर घर राखणाराचेंहि नांव लिहावें. तें नांव दर वेळीं निराळें असावें. वृद्धांच्या खुणा आधीं कराव्या, कारण गुडघे थांबत नाहींत.

आमच्या घरीं या वर्षींची पहिली खूण नाट्यस्पर्धेची झाली आहे. घर राखण्याची पाळी आमची आहे, आणि पिठल्याचें पीठ आतांच दळून आणिलें आहे.