व्हॅनची हवाप्रवेश-जाळी

खिडक्या लावून घेतलेल्या व्हॅनमध्ये ताजी हवा येते कोठून? बहुतेक वाहनांत तिचा मार्ग समोरच्या काचेच्या पायथ्याशी बसविलेल्या सच्छिद्र पट्टीतून जातो. हीच हवाप्रवेश-जाळी होय.

ही जागा सहेतुक निवडलेली असते. धावत्या वाहनावर येणारी हवा काचेला अडते, तिचा वेग मंदावतो आणि तेथे दाब वाढतो. वेग दुप्पट झाला की हा वाढीव दाब चौपट होतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे एक-दशांश विरळ आहे. तेथे ताशी ७२ किलोमीटर वेगास हा दाब फार तर २१० पास्कल भरेल; ताशी ३६ किलोमीटर वेगास तो त्याच्या चतुर्थांशच उरतो. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर हवा आत ओढण्याचे काम पंख्यालाच करावे लागते.

हवेबरोबर पाणीही जाळीतून उतरते. ते खालच्या पन्हळीत साचून निचऱ्याच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. बंगळुरूत १९०८ साली म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी आळीपाळीने फुलणाऱ्या वृक्षांची योजना केली. त्या वृक्षराजीची शोभा निराळीच. परंतु झाडाखाली उभ्या केलेल्या वाहनाची जाळी तडकलेली असेल, तर पाने-पाकळ्या पन्हळीत शिरून छिद्रे बुजवितात. मग वळवाच्या पहिल्याच सरीत पाणी पंख्यापर्यंत पोहोचते. पंखा बंद पडला की काचेवर आतून धरलेले दव हटत नाही आणि चालकाला रस्ता दिसेनासा होतो.

यास्तव नवी जाळी बसविताना क्रम पाळावा. वायपरच्या दांड्या काढण्यापूर्वी त्यांची विसाव्याची जागा काचेवर खुणेने नोंदवावी. जुनी जाळी काढल्यावर पन्हळ स्वच्छ करावी व तीत थोडे पाणी ओतून निचरा होतो की नाही, ते पाहावे. रबरी पट्टी कोठेही पीळ न पडू देता बसवावी. जाळीची कड काचेच्या कडेशी नीट जुळवून मगच क्लिपा मध्यापासून टोकांकडे दाबीत जावे. शेवटी वायपर खुणेवर जोडून काचेवर पाणी सोडावे. ते चाकांजवळ खाली गळले आणि आतील पायपोस कोरडे राहिले, तर काम बिनचूक झाले असे समजावे.

हवेला वाट आणि पाण्याला अटकाव, ही दोन्ही कर्तव्ये ही साधी पट्टी एकाच वेळी पार पाडीत असते.