विश्लेषण : ओपीटीवर ‘इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर’ची नोकरी मिळते का? ९० दिवसांचे घड्याळ आणि ८ हजार तासांची अट

वर्धा : रात्री अकरा वाजता हिंगणघाटच्या एका मित्राचा फोन आला. तिकडे टेक्सासमध्ये दुपारचे साडेबारा वाजले होते. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमध्ये एमएस झाले, वर्क परमिटचे कार्ड हातात आले, पण नोकरी नाही. एका शहराच्या संकेतस्थळावर ‘इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर’ची जाहिरात दिसली. आपण तर याच विषयाचे पदवीधर, मग वायरमनच्या कामाचा अनुभव कशाला मागतात, हा त्याचा प्रश्न होता. कार्डावरच्या तारखेपासून ६१ दिवस उलटले होते. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होण्याची वेळ जवळ आली होती.

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. त्याच वर्षी सर्व देशांचे मिळून सुमारे २ लाख ९४ हजार पदवीधर ओपीटीवर होते. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीची मुलेही त्यात आहेत. ‘इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर’ या नावामागे नेमके काय दडले आहे आणि तात्पुरत्या परवान्यावर त्यातले काय शक्य आहे, ते पाहू.

ओपीटी म्हणजे काय?

ओपीटी म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. एफ-१ व्हिसावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर आपल्या विषयाशी थेट संबंधित काम १२ महिने करता येते. त्यासाठी आय-७६५ हा अर्ज भरावा लागतो. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत तो करता येतो. मंजुरीनंतर मिळते ते ईएडी कार्ड. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग हा ‘स्टेम’ यादीतला विषय असल्याने पुढे आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. म्हणजे एकूण ३ वर्षे.

पण या काळात रिकामे बसायला मर्यादा आहे. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. मुदतवाढ मिळाली की आणखी ६० दिवस जोडले जातात, म्हणजे दोन्ही टप्पे मिळून १५० दिवस. मोजणी कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून होते आणि त्यात शनिवार-रविवारही धरले जातात. आठवड्याला किमान २० तासांचे काम असले की ही मोजणी थांबते. पहिल्या वर्षात विषयाशी संबंधित विनावेतन कामही, कामगार कायद्याला धरून असेल तर, चालते. मुदतवाढीच्या काळात मात्र ते चालत नाही.

आपल्याकडचा विद्युत निरीक्षक आणि तिकडचा इन्स्पेक्टर एकच का?

नाही. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. आपल्याकडे विद्युत निरीक्षक हा सरकारी अभियंता असतो. वीज कायदा, २००३ च्या कलम १६२ नुसार त्याची नेमणूक होते. देवळी एमआयडीसीतल्या कारखान्याला उच्चदाबाची जोडणी घ्यायची असेल, तर वीज सुरू करण्यापूर्वी त्याच्या कार्यालयाची तपासणी आणि मंजुरी लागते. विजेचा अपघात झाला तर चौकशीही तेच करतात. महाराष्ट्रात लिफ्टची तपासणीही याच यंत्रणेकडे आहे. इथे पदाचा पाया अभियांत्रिकीचे शिक्षण हाच आहे.

अमेरिकेत शहर किंवा काउंटीच्या इमारत विभागाचा इन्स्पेक्टर घरोघरी आणि बांधकामांवर जाऊन वायरिंग तपासतो. भिंत बंद करण्याआधी एकदा आणि काम पूर्ण झाल्यावर एकदा. त्याच्या हातात असते ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’, म्हणजे एनएफपीए ७०. हे पुस्तक १८९७ पासून चालत आले असून दर ३ वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. बहुतेक ठिकाणी हे पद अनुभवी इलेक्ट्रिशियनला मिळते. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभाग बांधकाम व इमारत निरीक्षकांसाठी सर्वसाधारण पात्रता सांगतो ती अशी : शालान्त शिक्षण आणि संबंधित कामाचा ५ वर्षे किंवा त्याहून अधिक अनुभव. एमएसची पदवी तिथे अनुभवाची जागा घेत नाही.

८ हजार तासांचे गणित काय?

टेक्सासचेच उदाहरण घेऊ. तिथे ‘जर्नीमन इलेक्ट्रिशियन’चा परवाना हवा असेल, तर मास्टर इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखाली ८ हजार तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे २,०८० तास होतात. ओपीटीची पूर्ण ३ वर्षे याच कामात घालवली तरी बेरीज ६,२४० होते. म्हणजे परवाना मिळण्याआधी मुदत संपते. शिवाय निव्वळ वायर ओढण्याचे काम पदव्युत्तर पदवीशी ‘थेट संबंधित’ आहे, हे पटवून देणेही अवघड. त्यामुळे ज्या जाहिरातीत जर्नीमन किंवा मास्टर परवान्याची अट आहे, तिच्यावर ९० दिवसांतले दिवस खर्च करू नयेत.

मग हे दार बंदच आहे का?

शहराच्या इन्स्पेक्टरचे दार जवळपास बंद आहे. पण त्याच नावाखाली आणि त्याच्या शेजारी इतर कामे आहेत.

पहिले, खासगी तपासणी संस्था. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात राज्य सरकारने प्रमाणित केलेल्या त्रयस्थ संस्था इमारतींची तपासणी करतात. तिथे आराखडे तपासण्याच्या कामात अभियंत्याला वाव असतो.

दुसरे, उपकरणांचे प्रत्यक्ष जागेवरील मूल्यमापन. यूएल, इंटरटेक, सीएसए यांसारख्या प्रयोगशाळा प्रमाणपत्र नसलेली यंत्रे जागेवर जाऊन तपासतात. हे काम मानकांचे वाचन, मोजमाप आणि अहवाल लेखनाचे असल्याने पदवीशी थेट जोडता येते.

तिसरे, टेस्टिंग आणि कमिशनिंग. उपकेंद्रे, डेटा सेंटर, सौर प्रकल्प आणि कारखान्यांत ब्रेकर, रिले, ट्रान्सफॉर्मर सुरू करण्यापूर्वी तपासले जातात. वर्ध्याजवळचे पॉवरग्रिडचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र किंवा भुगावचा पोलाद कारखाना ज्यांनी शैक्षणिक सहलीत पाहिला असेल, त्यांना हे काम अनोळखी वाटणार नाही.

चौथे, स्विचगिअर किंवा पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातील गुणवत्ता तपासणी.

नोकरी शोधताना ‘इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर’ एवढेच न टाकता ‘फील्ड इव्हॅल्युएशन इंजिनीअर’, ‘कमिशनिंग इंजिनीअर’, ‘प्लॅन रिव्ह्यू’, ‘टेस्ट इंजिनीअर’ हे शब्दही टाकावेत.

अर्ज करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

अर्जात दोन प्रश्न हमखास असतात. सध्या काम करण्याची परवानगी आहे का? ओपीटीवरच्या उमेदवाराचे उत्तर ‘हो’. आता किंवा पुढे व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का? इथेही, पुढे तिथेच राहायचे असेल तर, प्रामाणिक उत्तर ‘हो’च. ते लपवले तर पुढे नोकरीही जाऊ शकते.

केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागते. संरक्षण प्रकल्पांवर सुरक्षा मंजुरीची अट असते. असे अर्ज सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत.

मुदतवाढीसाठी कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या प्रणालीत नोंदलेली असावी लागते आणि आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यावर तिची सही लागते. त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी हे थेट विचारणे योग्य. नोकरी लागली, बदलली किंवा सुटली तर १० दिवसांत त्याची नोंद करावी लागते.

रिकाम्या दिवसांत काय करता येईल?

तीन गोष्टींचा उपयोग होतो. एक, इंटरनॅशनल कोड कौन्सिलच्या निवासी (ई१) आणि व्यावसायिक (ई२) विद्युत निरीक्षक परीक्षा. त्या पुस्तक उघडून द्यायच्या असतात. त्यातून नगरपालिकेची नोकरी मिळेलच असे नाही, पण कोड वाचता येतो याचा तो पुरावा ठरतो. दोन, एफई परीक्षा. ११० प्रश्नांची ही परीक्षा पीई परवान्याची पहिली पायरी आहे. तीन, ओशाचे १० किंवा ३० तासांचे सुरक्षा प्रशिक्षण, जे बांधकामावर पाय ठेवण्याआधी अनेक कंपन्या मागतात.

आपल्या मुलांना सवयही बदलावी लागते. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि चौरस मिलिमीटरमधली वायर. तिथे १२०/२४० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि गेजमधली वायर, ज्यात आकडा वाढला की तार बारीक होते. मुलाखतीत अडखळायला एवढे पुरेसे असते.

एच-१बीचे काय?

एच-१बीसाठी त्या पदाला किमान विशिष्ट विषयातील पदवी लागते, हे सिद्ध करावे लागते. निरीक्षकाचे पद शालान्त शिक्षणावर मिळते असे सरकारचाच विभाग म्हणत असेल, तर त्या पदावर एच-१बी मंजूर होणे कठीण. इंजिनीअरच्या पदाचे तसे नाही. म्हणून पहिली नोकरी घेतानाच पदाचे नाव आणि प्रत्यक्ष काम दोन्ही पाहावे. काम निरीक्षकाचे आणि कागदावर नाव इंजिनीअरचे, अशी पळवाट मात्र अंगाशी येते.

या व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार आहे. त्यातले २० हजार अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधरांसाठी राखीव असतात. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लागले. मात्र अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीमध्ये स्थिती बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असे तिथल्या यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. हे नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे प्रत्येक पाऊल उचलण्याआधी विद्यापीठातील डीएसओ अधिकाऱ्याला विचारावे.

सर्वांत मोठा धोका कोणता?

घड्याळ संपत आले की ‘तुम्हाला कंपनीच्या कागदावर दाखवतो’ असे सांगणारे भेटतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांत नोकरी दाखवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत १५ विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यातले ११ भारतीय होते. खोट्या नोकरीची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येते. ९० दिवस संपून परत यावे लागले तर पैशाचे नुकसान होते. खोट्या कागदाने मात्र परत जाण्याची वाटच बंद होते.

परत यावे लागले तर?

ते अपयश मानण्याचे कारण नाही. टेस्टिंग आणि विद्युत सुरक्षेचे काम इथेही आहे. महाराष्ट्रात विद्युत पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि ठेकेदार परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांत ‘चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनीअर’ हीही सोय आहे. अमेरिकेला निघण्याआधीच कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून भरता येईल का, याचा हिशेब घरात सर्वांसमोर मांडलेला बरा.

त्या रात्री मित्राने इन्स्पेक्टरच्या जाहिराती बंद केल्या आणि टेस्टिंगच्या कंपन्यांची यादी काढायला घेतली. त्याच्याकडे २९ दिवस उरले होते. बाबांना काय सांगू, असे त्याने शेवटी विचारले. खरे ते सांग, एवढेच मी म्हणालो. तारीख त्यांनाही माहीत असायला हवी.