हँक गॅदर्सचा डावा हात

लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा ४४ नंबरचा खेळाडू. १९८८-८९च्या मोसमात सरासरी गुण (३२.७) आणि रिबाउंड (१३.७), दोन्हींत अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिला.

डिसेंबर १९८९मध्ये फ्री थ्रो घेताना तो कोसळला. हृदयाचे ठोके बिघडल्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी खेळ मंदावतो, ही त्याची तक्रार. मात्रा कमी करत नेली गेली. (धडधाकट दिसणाऱ्या पोराला आजारी कोण म्हणणार?) ४ मार्च १९९०, साखळीतल्या संघांची स्पर्धा, समोर पोर्टलंडचा संघ. हवेत झेललेला पास त्याने तसाच बास्केटमध्ये कोंबला, परत फिरला आणि कोर्टच्या मध्याजवळ पडला. उठायची धडपड केली, पण पुन्हा कोसळला. वय २३. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा विकार आढळला.

ती स्पर्धा तिथेच थांबली. साखळीतल्या अव्वल स्थानामुळे संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. गॅदर्स उजवा, पण फ्री थ्रो जमेना म्हणून ते डाव्या हाताने टाकायचा. फिलाडेल्फियापासूनचा त्याचा दोस्त बो किंबल याने त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकला. एकही चुकला नाही. गतविजेत्या मिशिगनला तर त्यांनी १४९-११५ असं धुतलं! उपांत्यपूर्व फेरीत नेवाडा-लास व्हेगासने त्यांना रोखलं; पुढे विजेतेही तेच ठरले.