बंद पडलेली व्हॅन दूर नेतांना

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान हा विस्तीर्ण उद्योगपरिसर आहे. त्याच्या जवळच, शिवमडका येथें, 2025 सालीं पूर्णपणें खुला झालेला 701 किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग सुरू होतो. अशा ठिकाणीं एखादी व्हॅन बंद पडली, कीं मालकास पहिली आठवण होते ती दोराची. दुसऱ्या गाडीमागें बांधावी आणि गांवीं न्यावी! गॅरेजवाले यासच टोचन म्हणतात. जवळच्या गॅरेजापर्यंत हा उपाय चालतो; दूरच्या प्रवासास तो घातक ठरतो, आणि तो केवळ दोर तुटण्याच्या भीतीमुळें नव्हे.

ओढली जाणारी व्हॅन म्हणजे कांहीं लाकडाचा ओंडका नव्हे. तिचे ब्रेक तिलाच लावावे लागतात. इंजिनाच्या शोषणानें जी पोकळी निर्माण होते तिचें ब्रेकांस साहाय्य असतें; इंजिन बंद असलें कीं तें दोन-तीन दाबांतच सरतें आणि पेडल दगडासारखें कठीण होतें. किल्ली काढली तर स्टिअरिंग अडकून बसतें. म्हणून मागील गाडींत परवानाधारक चालक हवाच. 1989 सालच्या वाहतूक विनियमांनीं दोन गाड्यांतील अंतर 5 मीटरांहून व वेग ताशीं 24 किलोमीटरांहून अधिक नसावा, असें ठरविलें होतें; 2017 सालीं त्यांच्या जागीं नवे विनियम आले. ताशीं 24 किलोमीटरांनीं समृद्धि महामार्ग संपविण्यास 29 तास लागतील, आणि शेजारून मोटारी 120 च्या वेगानें धांवत असणार!

याहून अधिक, पण न दिसणारी हानि गिअरबॉक्सची. ओम्नी व ईको या व्हॅनांत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस मिळते. गाडी न्यूट्रलमध्यें ओढली तरी तीं चाकें गिअरबॉक्समधील मुख्य दांडा फिरवितातच. ज्यांच्या फिरण्यानें तेल उडतें तीं चक्रें मात्र इंजिनाबरोबर स्तब्ध असतात. मग कोरडीं बेअरिंगें तापतात व झिजतात. यास्तव मागचीं चाकें उचलावीं व पुढचीं सरळ बांधून ठेवावीं. विजेवर चालणाऱ्या व्हॅनचीं तर चारही चाकें जमिनीपासून वर हवींत. तीं फिरलीं कीं मोटर स्वतःच वीज निर्माण करूं लागते.

खरोखर दूर जावयाचें असल्यास व्हॅन ट्रकाच्या सपाट हौद्यावरच चढवावी. हातब्रेक ओढावा, चाकांस लाकडी ठोकळे लावावे, पट्टे चाकांवरून घ्यावे. वर्ध्याकडे निघालेल्या चालकानें बुटीबोरीस थांबून ते पुन्हां ताणावे. हादऱ्यांनीं गाडी बसत जाते, तसे ते सैल पडतात.