इंग्लंडच्या घराचा माळा आणि सरकारी अनुदान

आपल्या बेटावर छपराची काळजी म्हणजे वादळाची काळजी. १९६० साली कॅरोलने टोलची छपरे उडविली, तेव्हापासून सिमेंटच्या स्लॅबवर आपली श्रद्धा बसली. इंग्लंडातल्या आपल्या नातलगांची काळजी मात्र थंडीची. तिथली घरे बहुतेक उतरत्या कौलांची. छत आणि कौले यांच्यामध्ये माळा असतो. घरातली ऊब वर चढते आणि तिथून निसटते. माळ्याला अस्तर नसेल तर घराच्या उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा छपरावाटे जातो.

साठ-सत्तरच्या दशकांत मॉरिशसहून परिचारिका म्हणून गेलेल्या मुली आज कुणाच्या आत्या, कुणाच्या मावश्या होऊन तिथे पेन्शनवर आहेत. गॅसचे बिल आले की त्यांचा जीव कासावीस होतो. म्हणून हा विषय.

माळा नुसता सामान ठेवण्याचा असेल तर काम सोपे. छताच्या तुळयांमध्ये आणि त्यांच्यावर काचेच्या किंवा दगडी लोकरीची गुंडाळी अंथरतात. जाडी साधारण २७० मिलिमीटर धरतात. पाण्याची टाकी माळ्यावर असेल तर तिच्याखाली लोकर घालीत नाहीत, नाहीतर हिवाळ्यात टाकी गोठते. माळ्याची राहती खोली केली असेल तर प्रकरण वेगळे. तिथे तिरप्या वाशांमध्ये थर बसवावा लागतो, आणि हवा खेळण्यासाठी मागे सुमारे ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी लागते. ती बुजली की ओल धरते आणि लाकूड कुजते.

या कामाला सरकारी मदत नवी नाही. १९७८ साली त्यासाठी होम्स इन्सुलेशन ॲक्ट झाला. इंग्लंडात २००० ते २०१३ वॉर्म फ्रंट योजना चालली. २०१३ पासून वीज व गॅस कंपन्यांवरच हा खर्च करण्याचे बंधन आले. २०२० च्या सप्टेंबरात ग्रीन होम्स ग्रँट आली. तीत ५,००० पौंडांपर्यंत आणि गरीब घरांना १०,००० पौंडांपर्यंत मदत होती, पण मार्च २०२१ अखेर ती बंदही झाली. २०२३ ची ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम मार्च २०२६ पर्यंतच आखलेली होती. तेव्हा शेजारणीला कधी काळी काय मिळाले, यावर विसंबू नये. आपल्या नगरपालिकेला विचारावे. स्कॉटलंडला होम एनर्जी स्कॉटलंड आणि वेल्सला नेस्ट अशी वेगळी दारे आहेत. अर्जात बहुधा उत्पन्न किंवा सरकारी भत्ता पाहतात, तसेच घराचा ऊर्जा दाखला. या दाखल्यात ए ते जी अशा श्रेणी असतात. भाडेकरूही अर्ज करू शकतो, पण घरमालकाची संमती हवी.

आता खरी भीती. दारावर किंवा फोनवर कोणी गोड बोलून सांगतो, ‘सरकारी योजना आहे, माळ्यात फेस मारून देतो.’ हा स्प्रे फोम कौलांच्या आतल्या बाजूला फवारतात. तो घट्ट चिकटून बसतो, वासे झाकून टाकतो, आणि आत लाकूड शाबूत आहे की कुजले आहे हे तपासनिसाला दिसत नाही. त्यामुळे कित्येक बँका अशा घरावर कर्ज देत नाहीत. गिऱ्हाईकाला कर्ज नाही म्हणजे विक्री अडली. फोम काढायला पुन्हा हजारो पौंड. घर विकून उरलेले दिवस बेटावर काढायचे असे ज्या मावशीने ठरविले आहे, तिच्या साऱ्या आयुष्याची पुंजी त्या माळ्यात अडकते. साधी लोकर अंथरली असती तर हे काहीच झाले नसते! ती उचलून खालचे लाकूड केव्हाही पाहता येते.

म्हणून तिथे फोन कराल तेव्हा एवढे विचारा: माळ्यात काय घातले, कोणी घातले, आणि हमीपत्र हाती आहे का? सरकारी योजनेचे काम करणारा ठेकेदार ट्रस्टमार्कच्या यादीत असावा लागतो. ही यादी कोणालाही पाहता येते. दारावर सही करून दिली असेल तर सर्वसाधारणपणे १४ दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण रद्द करीत असल्याचे लेखी कळवावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी.