पेट्रोलमध्ये बाटली ओतावी का?

बेळगाव-निपाणीकडचे पाहुणे गाडी घेऊन बडोद्याला आले, की हमखास विचारतात, "इंजेक्टर साफ करायची बाटली टाकावी का हो?" मी आधी गाडीचे वय विचारतो. नव्या, नीट चालणाऱ्या गाडीला आपल्या सीमाभागातल्या कानडीत एकच उत्तर, 'ब्याड!'

इथे शहराजवळच कोयलीची रिफायनरी आहे, १९६५ पासूनची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले. त्यात गंधक दहा लाख भागांत जेमतेम दहा. तरी इंजेक्टर घाण व्हायचा राहत नाही. बाजारहाटाच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन बंद केले, की टोकाशी उरलेले पेट्रोल उष्णतेने सुकते आणि चिकट थर धरतो. पॉलीइथरअमाइन असलेले औषध तो खरोखर काढते. जुनी गाडी झटके देत असेल, अ‍ॅव्हरेज उतरले असेल, तर एका टाकीला करून पाहावे.

पण प्लग गेला किंवा फिल्टर तुंबला असेल, तर पैसे पाण्यात. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात ते इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग तिथली काजळी बाटलीने निघणार कशी? आणि हो, डिझेलची बाटली वेगळी असते. लेबल वाचूनच घ्या.