पायांना विचारून घेतलेले बूट

गेल्या श्रावणात मी पडले. भोर तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर बचत गटाची बैठक होती. डांबरी रस्ता खालीच संपतो, पुढे तासाभराची चढण. जाताना ठीक गेलं. उतरताना ओढ्याकाठच्या कातळावर पाय ठेवला आणि दुसऱ्या क्षणी मी आडवी! डावं मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. पोळ्यांना बाई लावावी लागली आणि सासूबाईंनी रोज एकदा तरी ऐकवलं, "पंचेचाळिशी उलटली आता, कशाला डोंगर चढायचे?"

पायात होते लेकीचे जुने जॉगिंगचे बूट. तळवे झिजून गुळगुळीत झालेले. मैत्रिणींनो, एका साडीसाठी आपण चार दुकानं पालथी घालतो. पण बूट मात्र मुलांनी टाकलेले, नाहीतर सेलमध्ये मिळतील ते!

प्लॅस्टर निघाल्यावर प्रश्न उभा राहिला, पुन्हा वर जायचं का? "बैठक खाली रस्त्यावर घेऊ," असं सगळ्यांचं म्हणणं. पण मग वरच्या म्हाताऱ्या बायका येणार नाहीत आणि गट हळूहळू खालच्यांचाच होऊन जाईल. तेव्हा जायचंच, पण नीट बूट घेऊन, असं मी ठरवलं.

दुकानात गेले तर ट्रेकिंगचे घोट्यापर्यंतचे जाडजूड बूट एका बाजूला आणि 'ट्रेल रनिंग'चे हलके बूट दुसऱ्या बाजूला. मी काही पळणार नव्हते. पण पाठीवर मोठं ओझं नसेल, दिवसाभरात परत यायचं असेल, तर हलका बूट पायांना सोपा जातो. पाऊल दगडावर नेमकं ठेवता येतं. घोट्याला मात्र तो आधार देत नाही, तेव्हा ज्यांचा घोटा वरचेवर मुरगळतो त्यांनी विचार करूनच घ्यावा.

खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, डोंगरावरही ते तसेच सुजतात. जे मोजे घालणार तेच घालून बूट चढवायचा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दुकानाच्या जिन्यावरून दोनदा उतरायचं. बोटं पुढे जाऊन टेकली तर तो बूट परत. चढणीला सगळेच बूट चांगले वाटतात, उतारावर नखं काळी पडली की खरं काय ते कळतं. टाच मात्र घट्ट बसायला हवी. ती आत वर-खाली झाली की फोड आलाच म्हणून समजा.

नंतर बूट हातात घेऊन वाकवून बघावा. बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर नको. आणि मग उलटा करून तळवा बघावा. तळव्यावरच्या उंचवट्यांना मी आपली खुरं म्हणते. चार-पाच मिलिमीटरची आणि सुटी सुटी खुरं लाल चिखलात चांगली रुततात आणि चिखल त्यांत अडकून बसत नाही. पण ओल्या कातळावर नुसती खुरं कामाची नाहीत. तिथे रबर मऊ आणि चिकट लागतं. कडक रबराचा बूट वर्षानुवर्षं टिकेल, पण ओल्या दगडावर तोच आधी घसरेल.

'वॉटरप्रूफ' शब्दाला मी आधी भुलले होते. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओढे ओलांडायचे म्हणजे पाणी वरूनच बुटात शिरतं आणि मग ते बाहेर पडत नाही. त्यापेक्षा जाळीचा बूट बरा. भिजतो, पण चालता चालता निथळतो.

एकदम वाड्यावर न जाता आधी सिंहगडावर परीक्षा घेतली, आतकरवाडीच्या पायवाटेने. सुट्या दगडांवर बूट छान टिकले, पण ऑक्टोबरच्या वाळक्या गवतावर थोडे घसरलेच. बरं, ज्यांच्याकडून मी वर ताक घेतलं त्या मावशी साध्या चपलांवर गड चढून आल्या होत्या! तेव्हा कळलं, निम्मं काम बुटाचं आणि निम्मं नजरेचं.

नोव्हेंबरात वाड्यावर गेले. बैठक संपल्यावर गटाच्या अध्यक्ष मावशींनी बुटांकडे बघून विचारलं, "ताई, कितीला पडले?"

साडेचार हजार सांगायला जीभ रेटेना. ज्या गटात महिन्याला शंभर रुपये भरताना बायकांची ओढाताण होते, तिथे कसं सांगणार? "दोन हजारांना," मी ठोकून दिलं.

मावशींनी क्षणभर विचार केला. "मग आमालाबी दोन जोड आणा. कर्ज काढू गटातनं. पोरी साळंला उतरत्यात ना पावसात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरी किंमत सांगितली, माफी मागितली. मावशी मोठ्याने हसल्या. "त्येवढ्यात शेळी येती की!" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पर ताई, आमच्याशी खोटं बोलू नका. हिशेबाच्या वह्या तुमच्या हातात हाईत."

ते वाक्य पडण्यापेक्षा जास्त लागलं. आपण दुसऱ्याचा मान राखायला म्हणून खोटं बोलतो आणि त्यात त्याचाच अपमान करून बसतो.

पोरींसाठी काय करता येईल त्याची चर्चा मात्र त्या दिवशी झाली. पुढच्या महिन्यात गटाने कर्ज मंजूर केलं. मी पोरींच्या पायांची मापं कागदावर आखून घेतली आणि साधे, स्वस्त, पण खुरं असलेले दोन जोड शोधून आणले. दुकानदाराला वाकवून, उलटे करून दाखवायला लावले तेव्हा तो वैतागला. वैतागू दे.

आता दर बैठकीनंतर मावशी मला थांबवतात. "पाय वर करा, ताई. खुरं झिजली का बघू." मी शाळकरी मुलीसारखा पाय वर करते. आणि उतरताना हिरव्या दगडाला वळसा घालते.